स्कायहुक्स : एका टवाळ पब-रॉक बँडची कारकीर्द आणि ऑस्ट्रेलियाचे सांस्कृतिक आत्मभान (१९७३-१९८०)

प्रस्तावना

वसाहतवादाचा अंत ही केवळ राजकीय घटना नसते, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी आता सर्वसाधारणपणे मान्य केले आहे. सत्तांतराची तारीख निश्चित सांगता येते, परंतु मनावरचे दडपण कोणत्या दिवशी उतरले, हे सांगता येत नाही. त्यासाठी साहित्य, नाटक, चित्रपट आणि लोकप्रिय संगीत या साधनांकडे वळावे लागते. यांपैकी लोकप्रिय संगीताची, त्यातही मद्यालयात वाजवल्या जाणाऱ्या संगीताची, इतिहासलेखनात अद्याप पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. असे संगीत उथळ असते, त्यात गांभीर्य नसते आणि म्हणून ते पुरावा म्हणून विश्वसनीय नसते, असा एक समज त्यामागे दिसतो.

प्रस्तुत लेखात मेलबर्न शहरातील 'स्कायहुक्स' या बँडच्या कारकीर्दीच्या आधारे या समजाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. हा बँड १९७३ मध्ये स्थापन झाला, १९७४-७५ मध्ये लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचला आणि १९८० मध्ये विसर्जित झाला. त्याची ख्याती टवाळखोर, बेमुर्वत आणि काहींच्या मते अश्लील अशी होती. या टवाळखोरीनेच ऑस्ट्रेलियन रॉक संगीताला स्वतःच्या गावाचे नाव उच्चारण्याचे धैर्य दिले, आणि त्या धैर्याला कायदा, नभोवाणी, दूरचित्रवाणी व स्थानिक ध्वनिमुद्रण व्यवसाय यांतील बदलांचा आधार होता, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सांस्कृतिक न्यूनगंडाची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातील सहा वसाहतींचे संघराज्य १९०१ मध्ये अस्तित्वात आले. तरीही पुढील अर्धशतक आणि त्यानंतरही तेथील सुशिक्षित वर्गाची दृष्टी लंडनकडे लागलेली होती. समीक्षक ए. ए. फिलिप्स यांनी १९५० मध्ये 'मीनजिन' या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात या मनोवृत्तीला 'कल्चरल क्रिंज' असे नाव दिले. सांस्कृतिक न्यूनगंड असा त्याचा अर्थ घेता येईल. आपल्याकडचे लेखन वाचताना, नाटक पाहताना, 'इंग्लंडमधील सुसंस्कृत माणूस याला काय म्हणेल?' हा प्रश्न ऑस्ट्रेलियन वाचक-प्रेक्षकाच्या मनात आपोआप उभा राहतो, हे फिलिप्स यांचे निरीक्षण होते. ज्या समाजांनी परकीय सत्तेचा अनुभव घेतला आहे, त्या समाजांतील वाचकांना हा प्रश्न अपरिचित वाटणार नाही.

रॉक संगीताच्या बाबतीत हा न्यूनगंड दुहेरी होता. शब्द इंग्लंडचे आणि उच्चार अमेरिकेचे, असा तेथील गायकांचा सर्वसाधारण परिपाठ होता. १९४२ च्या नभोवाणी कायद्याने ऑस्ट्रेलियन संगीतकारांच्या रचनांसाठी प्रक्षेपणातील अवघा अडीच टक्के वेळ राखून ठेवला होता. इतक्या किमान वाट्यासाठीही कायदा करावा लागला, यावरून परिस्थितीची कल्पना येते. गाण्यातील रस्ते, महामार्ग आणि शहरे बहुधा अमेरिकेतील असत. मेलबर्नचा एखादा मोहल्ला गाण्यात आला, तर ते हास्यास्पद वाटेल, अशी भीती गीतकारांना वाटे.

ही कोंडी प्रथम विनोदाने फोडली, ही गोष्ट लक्षणीय आहे. बॅरी हम्फ्रीज यांनी १९५५ मध्ये मूनी पॉन्ड्स या मेलबर्नच्या सामान्य उपनगरातील गृहिणीचे 'एडना एव्हरेज' हे पात्र रंगमंचावर आणले. १९६७ मध्ये कार्लटन भागात 'ला मामा' हे छोटे नाट्यगृह सुरू झाले. तेथे आणि नंतर 'प्रॅम फॅक्टरी'मध्ये नव्या नाटककारांनी बोलीभाषेतील नाटके सादर केली. रॉक संगीतात हे वळण यायला आणखी काही वर्षे जावी लागली.

पब : एका सांस्कृतिक अवकाशाची घडण

ऑस्ट्रेलियन रॉकचा विचार पबच्या इतिहासावाचून करता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, न्यू साऊथ वेल्स, व्हिक्टोरिया, साऊथ ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या राज्यांत मद्यालये सायंकाळी सहा वाजता बंद करण्याचे निर्बंध आले. मद्यपान कमी व्हावे हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात कारखाने व कचेऱ्या सुटल्यावर उरलेल्या तासाभरात शक्य तितकी बिअर घशाखाली उतरवण्याची पुरुषांची झुंबड उडू लागली. या प्रकाराला 'सिक्स ओ'क्लॉक स्विल' असे कुत्सित नाव पडले. अशा मद्यालयात बसण्याची सोय नसे, मग संगीताची कोठून असणार?

हे निर्बंध टास्मानियात १९३७ मध्ये, न्यू साऊथ वेल्समध्ये १९५५ मध्ये, व्हिक्टोरियात १९६६ मध्ये आणि साऊथ ऑस्ट्रेलियात १९६७ मध्ये उठले. आता मद्यालय रात्रीपर्यंत उघडे राहणार होते आणि ते भरण्यासाठी मालकाला आकर्षणाची गरज होती. उपनगरांतील मोठमोठ्या हॉटेलांच्या दालनांत बँड वाजू लागले. येथील श्रोता तिकीट काढून शांतपणे ऐकणारा रसिक नव्हता. दिवसभर राबून आलेला, हातात ग्लास घेतलेला, न आवडल्यास मोठ्याने तसे सांगणारा असा तो तरुण होता. त्याचे लक्ष वेधायचे तर आवाज मोठा, ठेका सरळ आणि बोलणे धीट हवे. पब-रॉक या शैलीची वैशिष्ट्ये अशा रीतीने मद्यविषयक कायद्यातील बदलांशी निगडित आहेत. १९७३ मध्येच सिडनीत एसी/डीसी आणि ॲडलेडमध्ये कोल्ड चिझल हे बँड स्थापन झाले, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

स्कायहुक्सची स्थापना व आरंभीचा अपेशी काळ

बेस गिटारवादक ग्रेग मॅकेन्श आणि तालवादक इमांट्स 'फ्रेडी' स्ट्राउक्स यांनी स्कायहुक्सची स्थापना केली. बँडचा पहिला कार्यक्रम एप्रिल १९७३ मध्ये कार्लटनमधील सेंट ज्यूड्स चर्चच्या सभागृहात झाला. त्याच वर्षी 'रेड' सायमन्स आणि बॉब 'बाँगो' स्टार्की हे गिटारवादक बँडमध्ये आले. बहुतेक गाणी मॅकेन्श लिहीत असे. मेलबर्नमधील 'शार्पी' नावाच्या कामगारवर्गीय तरुणांच्या टोळ्यांवर त्याने १९७४ मध्ये एक लघु माहितीपटही केला होता. भोवतालच्या तरुणांचे कपडे, चालणे-बोलणे आणि मोहल्ले यांकडे पाहण्याची निरीक्षकाची नजर त्याच्या गीतलेखनातही दिसते.

जानेवारी १९७४ च्या सनबरी महोत्सवात श्रोत्यांनी या बँडची हुर्यो उडवली. त्यानंतर मूळ गायक स्टीव्ह हिल बाहेर पडला आणि मार्चमध्ये ग्रॅम 'शर्ली' स्ट्रॅचन हा व्यवसायाने सुतार असलेला, लाटांवर स्वार होण्याचा नाद असलेला तरुण गायक म्हणून आला. त्याचा चढा, खणखणीत आवाज आणि मिश्कील वावर ही बँडची ओळख बनली. तंग चकचकीत पोशाख, रंगवलेले चेहरे आणि सायमन्सचा पांढराफटक, विदूषकी मुखवटा ही सारी सामग्री इंग्लंडमधील 'ग्लॅम रॉक'कडून घेतलेली होती. मात्र ती वापरण्याची पद्धत थट्टेची होती. परदेशी फॅशनचे अनुकरण करता करता तिची खिल्लीही उडवायची, ही कसरत त्यांनी साधली. एका वर्षाने, जानेवारी १९७५ मध्ये, त्याच सनबरीच्या व्यासपीठावर त्यांचे उत्साहाने स्वागत झाले.

'लिव्हिंग इन द सेव्हन्टीज' : गावाचे नाव

'डॅडी कूल' या बँडमुळे प्रसिद्ध झालेल्या रॉस विल्सन यांच्या निर्मितीखाली स्कायहुक्सचा 'लिव्हिंग इन द सेव्हन्टीज' हा पहिला अल्बम ऑक्टोबर १९७४ मध्ये मश्रूम रेकॉर्ड्सने प्रकाशित केला. मायकेल गुडिन्स्की व रे इव्हान्स यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली ही मेलबर्नची छोटी कंपनी त्या वेळी आर्थिक संकटात होती. हा अल्बम १९७५ च्या आरंभी विक्रीत प्रथम क्रमांकावर गेला आणि १६ आठवडे तेथे राहिला. सुमारे १ कोटी ४० लाख लोकसंख्येच्या देशात त्याच्या २ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. देशी अल्बमच्या विक्रीचे तोवरचे सर्व उच्चांक त्याने मोडले. बुडू पाहणारी मश्रूम कंपनी त्यामुळे तरली आणि पुढील काळात ती ऑस्ट्रेलियन संगीत व्यवसायाचा एक आधारस्तंभ ठरली.

या अल्बममधील दहा गाण्यांपैकी तीन गाण्यांच्या शीर्षकांतच मेलबर्नच्या भागांची नावे आहेत. कार्लटन हा विद्यापीठालगतचा, इटालियन स्थलांतरितांच्या उपाहारगृहांचा आणि विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्यांचा भाग. बॅलविन हे पूर्वेकडील सभ्य, मध्यमवर्गीय उपनगर. तूराक ही धनिकांची वस्ती. मॅकेन्शने या तिन्ही भागांची वर्गीय ओळख गृहीत धरून त्यांवर गाणी रचली. श्रोत्याला ट्रामचे मार्ग माहीत आहेत, कोणत्या भागातील मुलगी कोणत्या भागातील मुलाशी कशी बोलेल हे माहीत आहे, असे या गाण्यांचे गृहीतक होते.

येथे टवाळीचे कार्य नेमके काय, हे पाहणे आवश्यक आहे. कार्लटनचे गंभीर, उदात्त स्तुतिगीत त्या काळी कोणी रचले असते, तर न्यूनगंडग्रस्त श्रोत्याने त्याला हसून बाद केले असते. गीतकाराने स्वतःच प्रथम हसून घेतल्याने श्रोत्याचे ते शस्त्र निकामी झाले. चेष्टेच्या आवरणाखाली स्थानिक नाव गाण्यात शिरले, आणि एकदा शिरल्यावर ते बाहेर काढण्याचे कारण उरले नाही. हम्फ्रीज यांनी रंगभूमीवर जे साधले, तेच येथे ठेक्यावर साधले गेले.

बंदी, नभोवाणी आणि रंगीत पडदा

या यशाची दुसरी बाजू बंदीची होती. खाजगी नभोवाणी केंद्रांच्या महासंघाने अल्बममधील दहापैकी सहा गाण्यांवर लैंगिक संबंध आणि अमली पदार्थ यांच्या उल्लेखांमुळे बंदी घातली. निम्म्याहून अधिक गाणी प्रक्षेपणास वर्ज्य असताना तोच अल्बम देशात सर्वाधिक विकला जावा, या विसंगतीचा उलगडा त्या काळच्या सार्वजनिक धोरणांत सापडतो.

डिसेंबर १९७२ मध्ये गॉफ व्हिटलम यांच्या नेतृत्वाखालील मजूर पक्ष २३ वर्षांच्या खंडानंतर सत्तेवर आला होता. सक्तीची लष्करभरती थांबवणे, मतदानाचे वय १८ वर आणणे, विद्यापीठीय शिक्षण शुल्कमुक्त करणे आणि कलांना शासकीय पाठबळ वाढवणे हे या शासनाचे निर्णय तरुण पिढीला थेट भिडणारे होते. याच काळात सार्वजनिक नभोवाणी संस्था असलेल्या एबीसीने सिडनीत तरुणांसाठी 'डबल जे' हे केंद्र सुरू केले. १९ जानेवारी १९७५ रोजी सकाळी अकरा वाजता या केंद्राने प्रक्षेपणासाठी निवडलेले पहिलेच गाणे स्कायहुक्सचे 'यू जस्ट लाईक मी कॉज आय एम गुड इन बेड' हे होते. खाजगी केंद्रांनी वर्ज्य ठरवलेले ऑस्ट्रेलियन गाणे करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या केंद्राने उद्घाटनाला वाजवले, ही घटना प्रतीकात्मक महत्त्वाची आहे. बाजारपेठ मोकळी असते आणि सरकारी माध्यम सोवळे असते, या रूढ समजाला येथे छेद मिळतो.

दुसरे माध्यम दूरचित्रवाणीचे. एबीसीचा 'काउंटडाउन' हा संगीताचा कार्यक्रम नोव्हेंबर १९७४ मध्ये मेलबर्नहून सुरू झाला होता. १ मार्च १९७५ रोजी ऑस्ट्रेलियात रंगीत दूरचित्रवाणीचे अधिकृत प्रक्षेपण सुरू झाले आणि 'काउंटडाउन'च्या पहिल्या रंगीत भागात स्कायहुक्सने 'हॉरर मूव्ही' सादर केले. रंगवलेले चेहरे आणि चकचकीत कपडे यांना याहून अनुकूल मुहूर्त मिळाला नसता. त्या महिन्यात हे गाणे विक्रीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. या गाण्याचा विषयही लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या भयपटाचे वर्णन चालले आहे तो म्हणजे घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या सायंकाळच्या दूरचित्रवाणी बातम्या होत, असा त्यातील उपरोध आहे. या गाण्यात देहाचा उल्लेख नसल्याने त्याला बंदीची झळ लागली नाही. वृत्तमाध्यमांवरची टीका मात्र त्याच माध्यमाच्या पडद्यावरून निर्धास्तपणे घराघरांत पोहोचली. सेन्सॉरची नजर कोणत्या गोष्टीवर असते आणि कोणती गोष्ट तिच्यातून सुटते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

जुलै १९७५ मध्ये 'इगो इज नॉट अ डर्टी वर्ड' हा दुसरा अल्बम आला आणि तोही ११ आठवडे प्रथम क्रमांकावर राहिला. त्याच वर्षी ११ नोव्हेंबर रोजी गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी व्हिटलम शासन बरखास्त केले. बँडच्या यशाचा परमोच्च काळ आणि त्या शासनाची अखेर एकाच वर्षात यावी, यात कार्यकारणसंबंध शोधणे योग्य होणार नाही. तथापि, ज्या आत्मविश्वासाच्या वातावरणात हे संगीत बहरले, त्या वातावरणाला त्या नोव्हेंबरात तडा गेला, एवढे निश्चित म्हणता येते.

अमेरिकेचा दौरा : स्थानिकतेची किंमत

१९७६ च्या आरंभी स्कायहुक्सने अमेरिकेचा दौरा केला. तेथील प्रसारमाध्यमांना त्यांच्यात रंगवलेले चेहरे तेवढे दिसले, आणि चेहरे रंगवणारा 'किस' हा बँड अमेरिकेकडे आधीच होता. तूराक आणि बॅलविन यांतील सामाजिक अंतर ज्या श्रोत्याला ठाऊक नाही, त्याला त्या अंतरावरची कोटी कळण्याचा प्रश्नच नव्हता. थट्टेचा संदर्भ गळून पडला आणि उरला तो केवळ पोशाख. ज्या गुणामुळे हा बँड मायदेशी असामान्य ठरला, तोच गुण समुद्रापलीकडे अडचण ठरला.

या संदर्भात एसी/डीसीशी तुलना उद्बोधक ठरते. हा बँडही तितकाच बेमुर्वत होता आणि त्याच पबमधून वर आला होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये 'काउंटडाउन'साठी मेलबर्नच्या स्वान्स्टन स्ट्रीटवर ट्रकवरून वाजवत गेलेला हा बँड काही आठवड्यांतच इंग्लंडला रवाना झाला. त्यांच्या टवाळीचे विषय सार्वत्रिक होते. गावाचे नाव कळण्याची अट त्यात नव्हती. त्यामुळे त्यांना जग जिंकता आले. २००४ मध्ये मेलबर्न महापालिकेने शहरातील एका गल्लीला एसी/डीसीचे नाव दिले. ज्यांनी शहराचे नाव गाण्यात आणले ते देशापुरते राहिले, आणि जे जगभर गेले त्यांचे नाव शहराने स्वतःच्या नकाशावर घेतले. सांस्कृतिक इतिहासातील हा विरोधाभास चिंतनीय आहे.

विघटन

कॅलिफोर्नियात ध्वनिमुद्रित झालेला 'स्ट्रेट इन अ गे गे वर्ल्ड' हा तिसरा अल्बम १९७६ मध्ये आला, पण आधीच्या दोन अल्बमांसारखा प्रथम क्रमांक त्याला मिळाला नाही. १९७७ मध्ये सायमन्स आणि १९७८ मध्ये स्ट्रॅचन बाहेर पडले. नव्या गायकासह काढलेल्या 'हॉट फॉर द ओरिएंट' या अल्बमला १९८० मध्ये थंडा प्रतिसाद मिळाला आणि त्याच वर्षी बँड विसर्जित झाला. १९८३ मध्ये बहराच्या काळातील सदस्य पुन्हा एकत्र आले, तेव्हा श्रोत्यांनी मोठी गर्दी केली. १९९० मध्ये त्यांचे 'ज्यूकबॉक्स इन सायबेरिया' हे गाणे प्रथम क्रमांकावर गेले. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियन ध्वनिमुद्रण उद्योगाच्या 'एरिया हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. एकेकाळी ज्यांची सहा गाणी वर्ज्य होती, ते आता सन्माननीय वारसा झाले. २९ ऑगस्ट २००१ रोजी क्वीन्सलँडमध्ये हेलिकॉप्टर अपघातात स्ट्रॅचन यांचे निधन झाले.

'आपले' म्हणजे कोणाचे?

या कारकीर्दीचे मूल्यमापन करताना एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या पबमधून हे आत्मभान उगवले, तो पब सर्वांचा नव्हता. अनेक मद्यालयांच्या 'पब्लिक बार'मध्ये स्त्रियांना मद्य दिले जात नसे. या प्रथेच्या निषेधार्थ मर्ल थॉर्नटन आणि रोझली बोग्नर यांनी ३१ मार्च १९६५ रोजी ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलमध्ये स्वतःला बारच्या कठड्याशी साखळीने जखडून घेतले होते. त्याच वर्षी चार्ल्स पर्किन्स यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या 'फ्रीडम राईड'मधील विद्यार्थ्यांनी वॉलगेट येथील माजी सैनिकांच्या क्लबसमोर निदर्शने केली. महायुद्धात लढलेल्या आदिवासी सैनिकांनाही त्या क्लबचे सदस्यत्व नाकारले जात होते. स्कायहुक्सच्या गाण्यांतील स्त्रियाही बहुधा तरुण पुरुषाच्या नजरेतून आलेल्या आहेत, आणि अल्बमांच्या काही शीर्षकांतील विनोद आज सहज हसू आणणारा नाही. सत्तेची अदब न बाळगणारी टवाळी कधी कधी दुबळ्यांचीही अदब बाळगत नाही. तेव्हा या बँडने दिलेला आवाज हा प्रामुख्याने गोऱ्या, शहरी, तरुण पुरुषांचा होता, हे मान्य करूनच त्याचे ऐतिहासिक महत्त्व सांगितले पाहिजे. न्यूनगंडातून मुक्त होणारा समाजही आपल्यातील काही जणांना दाराबाहेर ठेवू शकतो, हा यातील बोध आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) टवाळी ही सांस्कृतिक न्यूनगंडाशी लढण्याची एक प्रभावी पद्धत ठरू शकते. जे गंभीरपणे म्हणता येत नाही, ते प्रथम थट्टेत म्हटले जाते आणि कालांतराने गंभीरपणे स्वीकारले जाते.

२) लोकप्रिय कलेचा उदय केवळ व्यक्तींच्या प्रतिभेने होत नाही. मद्यविक्रीच्या वेळा, नभोवाणीचे परवाने, रंगीत प्रक्षेपणाची तारीख आणि एका छोट्या कंपनीची जोखीम या गोष्टींचाही त्यात वाटा असतो.

३) स्थानिकता ही कलेची शक्ती असते तशीच मर्यादाही असते. परदेशातील अपयश हा दर वेळी गुणवत्तेच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही.

४) 'आपले' म्हणून जे संगीत साजरे होते, त्यातून कोण वगळले गेले, हा प्रश्न इतिहासकाराने प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

लोकप्रिय गाणे हा इतिहासाचा दुय्यम पुरावा आहे, असे मानून आपण अभ्यासक्रमात त्याला स्थान देत नाही. पण १९७५ मधील मेलबर्नच्या तरुणाला आपल्या गावाविषयी काय वाटत होते, हे संसदीय इतिवृत्तात सापडणार नाही. ते कार्लटनच्या एका सभागृहात सुरू झालेल्या, हुर्यो पचवून पुन्हा त्याच व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या या बँडच्या दहा गाण्यांत सापडते. इतिहासाच्या शिक्षकाने हा पुरावा हसण्यावारी नेऊ नये, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.